धातूंची ऑक्साइडं पाण्यात महिनोन्‌महिने राहिली तर काय होतं: चाचणी लावण्यापासून आकडे वाचण्यापर्यंत

पावडर पाण्यात ठेवली, महिन्याने काढली, वाळवून वजन केलं, वजन वाढलेलं दिसलं आणि वहीत 'पाण्याचा परिणाम झाला' असं लिहून मोकळे. एमएस्सीच्या प्रोजेक्टांत हे सर्रास चालतं. रंग, सिरॅमिक किंवा पार्टिशनचे बोर्ड बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतही चालतं. पण वजन का वाढलं, हे त्यातून अजिबात कळत नाही. पाणी नुसतं कणांना चिकटून बसलेलं असू शकतं. ते स्फटिकात शिरून ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड झालेलं असू शकतं. किंवा पाण्याचा फारसा संबंधच नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेलेला असतो. शिवाय त्याच वेळी थोडा माल विरघळून पाण्यात गेलेला असतो, तो वजन उलट कमी करतो.

या चार गोष्टी वेगळ्या करणं हेच खरं काम आहे. त्यासाठी सुरुवातीलाच महागडं यंत्र लागत नाही. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा, ओव्हन, मफल फर्नेस (जास्त तापमानाची बंद भट्टी), पीएच मीटर आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटल्या एवढ्यावर बरंच काही भागतं. मुंबईतल्या कुठल्याही सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सगळं असतं. अडचण असते ती इथल्या हवेची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी ऑक्साइडचा स्वभाव बघा

सगळी ऑक्साइडं पाण्याशी सारखी वागत नाहीत. म्हणून 'मेटल ऑक्साइडवर पाण्याचा परिणाम' असा विषय घेऊ नका. एक किंवा फार तर दोन ऑक्साइडं घ्या.

कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, पाणी लागताच फसफसतो. दर किलोला साधारण ११६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्याला महिने लागत नाहीत. पण त्यातले जास्त भाजले गेलेले खडे मात्र हट्टी असतात. फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींची डागडुजी करणारे लोक विरवलेला चुना आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरत ठेवतात, ते याच खड्यांसाठी. न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर तो भिंतीत बसून सावकाश विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो.

मॅग्नेशियम ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेशिया, हा या विषयातला सगळ्यात चांगला नमुना, कारण त्याची गती मधली आहे. ७०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजलेला मॅग्नेशिया दिवसांत किंवा आठवड्यांत हायड्रॉक्साइड होतो. १५०० अंशांच्या वर भाजलेला तोच माल वर्षभरही तग धरतो. हायड्रॉक्साइड होताना वजन ४४.७ टक्क्यांनी वाढतं, आणि घनफळ सव्वादोन पटीच्या आसपास जातं. सिमेंटमध्ये मॅग्नेशियाचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट भारतीय मानकांत आहे, तिचं मूळ या फुगण्यात आहे. भट्टीत कडक भाजला गेलेला मॅग्नेशिया काँक्रीट घट्ट झाल्यावर काही वर्षांनी पाणी घेतो, आणि तेव्हा त्याला फुगायला जागा उरलेली नसते. सिमेंट किती फुगतं ते बघणारी साधी ल शातलिए चाचणी फक्त मोकळा चुना पकडते. मॅग्नेशिया पकडायचा तर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखालीच ठेवावं लागतं.

अ‍ॅल्युमिनात (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडात) दोन वेगळे प्रकार आहेत आणि बाटलीवर ते नीट वाचावे लागतात. अल्फा अ‍ॅल्युमिना पाण्यात जवळजवळ तसाच राहतो, फक्त पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (OH) गटांचा थर धरतो. गॅमा अ‍ॅल्युमिना, जो उत्प्रेरकांचा आधार म्हणून वापरतात, तो साध्या तापमानालाही काही आठवड्यांत-महिन्यांत बायराइट नावाच्या हायड्रॉक्साइडकडे सरकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर अ‍ॅनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा जाड थर चढवणं) करतात तेव्हा शेवटी त्या उकळत्या पाण्यात बुडवतात. तिथे पाण्याने ऑक्साइड फुगून बोहमाइट होतं आणि थरातली बारीक छिद्रं बंद होतात. म्हणजे पाण्यामुळे ऑक्साइडमध्ये होणारा बदल दर वेळी नुकसानच करतो असं नाही. इथे तो मुद्दाम घडवून आणतात. तीच खिडकी बसवताना तिच्यावर सिमेंटचं पाणी सांडलं की डाग पडतात, कारण हा थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही.

झिंक ऑक्साइड पाण्यात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम एवढंच विरघळतं. हे ऐकायला नगण्य वाटतं, पण महिन्यांच्या हिशोबात नगण्य नाही. कार्बन डायऑक्साइड असेल तर त्याचं झिंकचं कार्बोनेट-हायड्रॉक्साइड होतं, मिठाचं पाणी असेल तर क्लोराइड-हायड्रॉक्साइड. पावसाळ्याच्या तोंडावर गॅल्वनाइज्ड पत्र्यांच्या चवडी उघड्यावर ठेवल्या की दोन पत्र्यांच्या मधे पांढरा भुकटीसारखा गंज येतो, तो याच कुटुंबातला. सुटा, वारा लागणारा पत्रा कार्बोनेटचा घट्ट थर धरतो आणि टिकतो. चवडीत हवा खेळत नाही, तो थर तयारच होत नाही, आणि जस्त खाल्लं जातं.

टायटेनियाबद्दल (टायटेनियम ऑक्साइडबद्दल) थोडक्यात: तो पाण्यात बदलत नाही. बदल होतो तो फक्त पृष्ठभागाच्या हायड्रॉक्सिल थरात, आणि तो पकडायला इन्फ्रारेड किरणांची तपासणीच लागते. काट्यावर काही दिसण्याची आशा ठेवू नका.

लोखंडाची ऑक्साइडं सगळ्यात गुंतागुंतीची. लाल हेमॅटाइट, म्हणजे रंगवाल्यांचं रेड ऑक्साइड, बऱ्यापैकी स्थिर. पण सळईवरचा ताजा गंज हे एक मिश्रण असतं: गोथाइट, लेपिडोक्रोसाइट, मॅग्नेटाइट, आणि समुद्राजवळ क्लोराइड मिळालं तर अकागानाइट. पाण्यात राहून यांतली एकातून दुसऱ्यात जाणारी रूपांतरं वर्षानुवर्षं चालतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने लोखंडापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माल घेताना काय विचारायचं

प्रिन्सेस स्ट्रीटवर केमिकल आणि काचसामानाची दुकानं आहेत, तिथे बहुतेक सगळं मिळतं. मॅग्नेशिया मागितला की दुकानदार विचारतो, लाइट की हेवी? ही नावं पावडर किती फुगीर आहे एवढंच सांगतात. ती किती तापमानाला भाजली होती ते सांगत नाहीत. आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं. ते कळण्याचा मार्ग नसेल तर एकच बाटली घ्या, तिचे दोन भाग करा, आणि एक भाग स्वतः १००० अंशांना तीन तास भाजा. दोन्ही सोबत पाण्यात ठेवले की 'भाजण्याचा परिणाम' हा मुद्दा आपोआप हातात येतो, आणि तो दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

मॅग्नेशिया किती चपळ आहे ते बघायची एक जुनी युक्ती आहे. ठरावीक ताकदीच्या सायट्रिक आम्लाच्या द्रावणात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकायचे, मोजून पावडर घालायची, ढवळत राहायचं आणि गुलाबी रंग यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. हलका भाजलेला माल मिनिटाच्या आसपास गुलाबी होतो; कडक भाजलेल्याला दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. आकड्यांची इतरांशी तुलना करत बसू नका. तुमच्याच दोन नमुन्यांत फरक कळला की काम झालं.

बाटली फोडल्या दिवशीच तिच्यातला माल थोडा काढून भट्टीत जाळून बघा. कपाटात दोन-तीन वर्षं उघड-बंद झालेल्या मॅग्नेशियाच्या बाटलीत बराच माल आधीच हायड्रॉक्साइड झालेला असतो. हा शून्य दिवसाचा आकडा नसेल तर पुढचा एकही आकडा बोलत नाही.

पाणी आणि बाटली

तीन पाणी पुरेत: डिस्टिल्ड, नळाचं आणि खारं.

डिस्टिल्ड पाण्यावर टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) लावा. शून्य ते दोनच्या वर आकडा आला तर ते पाणी घेऊ नका. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं पाणी सगळीकडे सारखं नसतं. हवा लागलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ७ नसतो, कार्बन डायऑक्साइडमुळे तो ५.६च्या आसपास येतो. मीटर बिघडलाय असं समजू नका. चुना, मॅग्नेशिया किंवा जस्तासाठी पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा आणि बाटली काठोकाठ भरा. वर हवेची पोकळी ठेवली तर कार्बोनेट होणारच.

नळाचं पाणी एका दिवशी एकाच कॅनमध्ये भरून ठेवा आणि सगळ्या बाटल्यांना तेच वापरा. भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी अशा सात तलावांतून शहराला पाणी येतं. पाऊस सुरू झाल्यावर त्याचा गढूळपणा आणि शुद्धीकरणात घालायची तुरटी-क्लोरीन दोन्ही बदलतात. जूनमधलं आणि ऑगस्टमधलं पाणी एकच धरून चालणार नाही. क्लोरीन उडण्यासाठी कॅन रात्रभर जाळीचं कापड बांधून उघडा ठेवा.

खाऱ्या पाण्यासाठी चौपाटीवर बाटली घेऊन जाण्याचा मोह होतो. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नाल्यांच्या पाण्याने पातळ आणि घाण झालेलं असतं, हा त्यातला छोटा दोष. मोठा दोष वेगळा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यात चुन्यासारखा अल्कली पदार्थ पडला की समुद्रातलंच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतं. कारखान्यांत समुद्रातून मॅग्नेशिया याच रीतीने काढतात. मग तुमच्या नमुन्याचं वाढलेलं वजन नमुन्याचं नसतंच. म्हणून सुरुवातीला शुद्ध सोडियम क्लोराइडचं ३.५ टक्क्यांचं द्रावण घ्या. स्वयंपाकघरातलं आयोडिनचं मीठ नको.

बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या. साधी काच महिनोन्‌महिने पाण्यात अल्कली सोडते आणि पीएच फसवते. बिसलेरी छापाच्या रिकाम्या बाटल्या पेट प्लास्टिकच्या असतात आणि चुन्यासारख्या तीव्र अल्कलीत दीर्घकाळ टिकत नाहीत.

नमुने लावणं

२ ग्रॅम पावडरला २०० मिली पाणी, हे प्रमाण सोयीचं. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक दिवसासाठी वेगळी बाटली. एकाच मोठ्या बाटलीतून दर आठवड्याला चमचाभर काढत राहिलात तर प्रत्येक वेळी हवा आत जाते, पाण्याचं प्रमाण बदलतं, आणि वर तरंगणारे बारीक कण जास्त येतात की तळाचे जाड, हे नशिबावर राहतं.

दिवस सारख्या अंतराने ठेवू नका. १, ३, ७, १४, ३०, ६०, १२० असं वाढतं अंतर ठेवा, कारण सुरुवातीला बदल भराभर होतो आणि नंतर मंदावतो. प्रत्येक दिवसाच्या दोन बाटल्या, आणि शिवाय पावडर न घातलेल्या पाण्याच्या दोन. नुसत्या पाण्याचा पीएच कसा हलला ते कळल्याशिवाय पावडरीने काय केलं ते कळत नाही.

ढवळायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. न ढवळलेला मॅग्नेशिया तळाशी गोळा होतो, बाहेरून हायड्रॉक्साइडची कातडी धरतो आणि आतला माल कोरा राहतो. प्रश्न 'पावडर किती बदलते' असा असेल तर रोज ठरलेल्या वेळी बाटली उलटीसुलटी करा. प्रश्न 'साठ्यातला माल ओला झाला तर' असा असेल तर हात लावू नका. मनाला येईल तेव्हा हलवणं सगळ्यात वाईट.

बाटल्या खिडकीपासून लांब, एका पेटीत. मुंबईची खोली २६ ते ३३ अंशांत राहते, त्यामुळे थंड गावांपेक्षा आपलं काम सोपं आहे, पण तापमान रोज लिहा. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद असलेली खोली टाळा.

घाई करायची तर

सहा महिने कोणाकडे नसतात, म्हणून लोक बाटल्या ६० किंवा ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि 'दर १० अंशांना वेग दुप्पट' असं गृहीत धरून उलट हिशोब करतात. मॅग्नेशियाला ६० अंशांपर्यंत हे ढोबळमानाने चालवून घेता येईल. अ‍ॅल्युमिनाला मात्र चालत नाही. साध्या तापमानाला तिथे बायराइट बनतं आणि ८० अंशांच्या वर बोहमाइट. गरम ओव्हनमध्ये तुम्ही वेगळाच पदार्थ तयार केलेला असतो. खोलीत जे सावकाश झालं असतं ते त्यात लवकर दिसत नाही.

झिर्कोनियाचं उदाहरण याच्या पुढचं आहे. दातांच्या टोप्या आणि खुब्याचे कृत्रिम सांधे इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियाचे, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडचे, बनवतात. हा पदार्थ पाण्यामुळे विरघळत नाही की हायड्रॉक्साइडही होत नाही. पाणी पृष्ठभागावर बसून त्याची स्फटिकरचना टेट्रागोनलमधून मोनोक्लिनिककडे ढकलतं, कण चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि बारीक तडे जातात. जपानमध्ये १९८१ साली हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. २०००-२००१ च्या सुमारास एका कंपनीच्या खुब्याच्या झिर्कोनिया गोळ्या अनपेक्षितपणे फुटल्या तेव्हा सगळं जग याकडे वळलं. कारण भाजण्याच्या पद्धतीत केलेल्या बदलात सापडलं. आता त्याची ठरलेली चाचणी आहे: ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंश, २ बार, ५ तास. यातला एक तास शरीरातल्या तीन-चार वर्षांइतका धरतात, पण तो अंदाज आहे आणि संशोधक त्यावर अजून भांडतात. घरच्या प्रेशर कुकरमध्ये हा प्रयोग करू नये, एक तर तो तेवढं तापमान गाठत नाही, आणि दुसरं म्हणजे त्यात उद्या डाळ शिजायची असते.

बाहेर काढणं आणि वाळवणं

ठरलेल्या दिवशी आधी पीएच आणि वाहकता मोजा, गाळण्याच्या आधी. मॅग्नेशियाचं पाणी १०.३च्या आसपास स्थिरावलेलं असेल, चुन्याचं १२.४. याहून बरंच कमी आलं तर झाकण सैल होतं आणि कार्बन डायऑक्साइड आत गेला, असं समजा.

मग फिल्टर पेपरवर गाळा, थोड्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि लगेच दोन-तीनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. अल्कोहोल पाणी ओढून नेतं आणि क्रिया तिथेच थांबते. हे टाळून ओला लगदा सरळ ओव्हनमध्ये टाकला की पुढचे दोन तास तो गरम पाण्यात शिजतो, आणि चौदाव्या दिवसाचा नमुना तिसाव्या दिवसाचा होऊन बसतो. गाळलेलं पाणी छोट्या बाटलीत, वर नमुना-क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवा. धातू किती विरघळला ते नंतर त्यातूनच कळेल.

वाळवण आधी ६० अंशांना, मग १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत. १०५ अंशांना फक्त चिकटलेलं पाणी जातं, स्फटिकातलं नाही. याला अपवाद लोखंडाचा ताजा, जेलीसारखा तांबूस साका. तो तापवला की तिथल्या तिथे बदलतो, म्हणून तो डेसिकेटरमध्येच (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेलं बंद भांडं) वाळवा.

आता इथल्या हवेबद्दल. जुलैमध्ये प्रयोगशाळेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. ओव्हनमधून काढलेली गॅमा अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल (तापवायची छोटी वाटी) काट्यावर ठेवली की शेवटचा आकडा थांबतच नाही. बघता बघता तो पुढे सरकत राहतो, कारण पावडर तुमच्या डोळ्यांदेखत हवेतलं पाणी पिते आहे. कोणी दहा सेकंदांनी आकडा लिहितो, कोणी मिनिटाने, आणि दोन बाटल्यांतला फरक पाण्याचा की विद्यार्थ्याचा हे कळेनासं होतं. उपाय सोपे आहेत, पण चिकाटीने करावे लागतात. झाकणाची वजनबाटली वापरा आणि झाकणासकट वजन करा. डेसिकेटरमधलं सिलिका जेल पावसाळ्यात आठवड्याभरात रंग टाकतं. रंग उतरला की १२० अंशांना तापवून पुन्हा भरा. काट्याच्या पेटीतही एका वाटीत ठेवा. आणि गरम क्रुसिबल काट्यावर कधीच ठेवू नका, वर जाणाऱ्या गरम हवेने वजन कमी दिसतं.

भट्टीतला हिशोब

१०५ अंशांना वाळलेला नमुना मोजून क्रुसिबलमध्ये घ्या आणि ६०० अंशांना दोन तास ठेवा. गार करा, मोजा, पुन्हा अर्धा तास ठेवा. वजन स्थिर होईपर्यंत. पूर्णपणे बदललेल्या पदार्थाचं वजन यात किती टक्के घटतं ते असं:

- मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड: ३०.९
- कॅल्शियम हायड्रॉक्साइड: २४.३
- बायराइट: ३४.६
- बोहमाइट: १५.०
- गोथाइट: १०.१
- झिंकचं कार्बोनेट-हायड्रॉक्साइड: २५.९

समजा मॅग्नेशियाच्या १.००० ग्रॅम वाळलेल्या नमुन्याचं ०.७८४ ग्रॅम उरलं. ०.२१६ गेलं. ०.२१६ भागिले ०.३०९ केलं की ७० टक्के येतात, आणि बहुतेक जण 'मॅग्नेशिया ७० टक्के बदलला' असं लिहितात. ते चूक आहे. ७० टक्के हे वाळलेल्या नमुन्यातलं हायड्रॉक्साइडचं वजन, आणि त्यात बाहेरून आलेलं पाणीही धरलेलं आहे. मूळ मॅग्नेशियापैकी किती बदलला हे हवं तर गेलेलं वजन उरलेल्या वजनाने भागा: ०.२१६ भागिले ०.७८४, म्हणजे ०.२७५५. त्याला ०.४४७ ने भागा. उत्तर येतं ६२ टक्के. शून्य दिवसाचा आकडा वजा करायचा तो यातून. कॅल्शियमसाठी ०.४४७ च्या जागी ०.३२१, गोथाइटसाठी ०.११३, बायराइटसाठी ०.५३०.

चुन्यात एक पायरी जास्त. ६०० अंशांना पाणी जातं, पण कार्बोनेट तसंच राहतं. ते जायला ९०० ते ९५० अंश लागतात. म्हणून दोन टप्प्यांत मोजा. पहिली घट पाण्याची, दुसरी कार्बन डायऑक्साइडची. जस्तात ही सोय नाही, दोन्ही साधारण २५० अंशांच्या आसपास एकदम निघून जातात. तिथे थोडी पावडर सौम्य आम्लात टाकून बुडबुडे येतात का बघा.

लोखंडात आणखी एक फसगत आहे. गंजात मॅग्नेटाइट असेल तर भट्टीत ते ऑक्सिजन घेऊन हेमॅटाइट होतं आणि वजन ३.४ टक्क्यांच्या आसपास वाढतं. एकीकडे पाणी जातंय, दुसरीकडे ऑक्सिजन येतोय, आणि काटा दोन्हींची वजाबाकी दाखवतो. गंजाच्या पावडरीजवळ चुंबक नेऊन बघा. चिकटली तर नुसत्या भट्टीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

मग यंत्रं

भट्टीचे आकडे हातात आल्यावर एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी तपासणी) कोणते तीन-चार नमुने पाठवायचे ते तुम्हालाच कळतं. पवईला आयआयटीतल्या केंद्रीय उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. शून्य दिवस, मधला एक आणि शेवटचा एवढे पुरतात. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर मॅग्नेशियाची मुख्य रेषा ४२.९ अंशांवर, हायड्रॉक्साइडच्या १८.६ आणि ३८.० वर. बायराइट १८.८, बोहमाइट १४.५, गोथाइट २१.२. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि बायराइट दोन्हींची पहिली रेषा जवळजवळ एकाच जागी येते, मिश्र नमुना असेल तर सावध राहा.

एक्सआरडीत काहीच दिसलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं. पृष्ठभागावरचा काही अणूंचा थर त्याला दिसत नाही. तिथे इन्फ्रारेड उपयोगी: नुसतं चिकटलेलं पाणी ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद फुगवटा आणि १६३० वर एक शिखर देतं, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३७०० जवळ टोकदार सुईसारखं शिखर. आणि जस्तासारख्या किंचित विरघळणाऱ्या ऑक्साइडात बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात. रासायनिक सूत्र तेच राहतं, पण पृष्ठभागाचं क्षेत्रफळ घटतं. पावडर उत्प्रेरक किंवा सेन्सर म्हणून वापरायची असेल तर हाच बदल सगळ्यात महाग पडतो, आणि तो काट्यावर दिसत नाही.

तुकडा असेल, पावडर नसेल तर

टाइल, बोर्ड, लेप, दाबून बनवलेली टिकली अशा वस्तूंत वजनापेक्षा तडे आणि ताकद आधी बोलतात. लांबी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, कडा भिंगाखाली बघा, शाईचं पाणी लावून पुसा म्हणजे तडे उठून दिसतात. पाण्यातून काढलेला तुकडा एकदा ओला तोडून बघा आणि एकदा वाळवून. दोन्हींची ताकद वेगळी येते.

मॅग्नेशियाच्या बोर्डांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पार्टिशनसाठी ते मुंबईतही खपतात. यातले बरेच बोर्ड मॅग्नेशिया आणि मॅग्नेशियम क्लोराइड मिळून घट्ट झालेल्या सिमेंटचे असतात. हे सिमेंट १८६७ पासून माहीत आहे, आणि पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही हेही तितकंच जुनं. डेन्मार्कमध्ये २०१० नंतरच्या काही वर्षांत इमारतींच्या बाहेरच्या भिंतींमागे असे बोर्ड लावले, ते दमट हवेतून पाणी ओढून खारट थेंब गाळू लागले, आणि मागचे खिळे-स्क्रू गंजले. हा प्रकार आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की सुरू होतो. मुंबईत तेवढी आर्द्रता जूनपासून सप्टेंबरपर्यंत असते. दुकानदार बोर्ड 'वॉटरप्रूफ' म्हणून दाखवत असेल तर हातभर तुकडा मागून घ्या, डिस्टिल्ड पाण्यात आठवडाभर ठेवा आणि पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. दाट पांढरा साका आला तर क्लोराइड सुटतंय. तो बोर्ड बाथरूमच्या भिंतीला लावायचा नाही.

जपून

कळीच्या चुन्यात पाणी ओतायचं नाही. पाण्यात चुना थोडाथोडा घालायचा, आणि डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय नाहीच. डोळ्यात चुना गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवत राहायचं आणि सरळ हॉस्पिटल. बारीक पावडरी मास्क लावून हाताळा, नॅनो असतील तर फ्यूम कपाटातच. अल्कोहोलने धुतलेला नमुना ओव्हनमध्ये टाकण्याआधी तो उघड्यावर पूर्ण उडू द्या.

चुन्याचं आणि मॅग्नेशियाचं उरलेलं पाणी पीएच ८ च्या खाली आणून, भरपूर पाणी सोडून बेसिनमध्ये ओतलं तर चालतं. जस्त आणि तांब्याचं चालत नाही. थोडं प्रमाणही माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक असतं, आणि आपली गटारं शेवटी खाडीला मिळतात. ते कॉलेजच्या धातूंच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये साठवा, कॅनवर पदार्थाचं नाव, अंदाजे प्रमाण आणि तारीख लिहा, आणि तो नेणाऱ्या एजन्सीला द्या.